नावाआधी काय लावायचं?

पहिला दिवस : कराड, पुणे, गाडी

कराडात माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका मोबाइलने खाल्ल्या, पण माणूस गेल्यावर अजून कागद लागतो. दहाव्याची पत्रिका, पेपरात द्यायचा मजकूर, चौकात लावायचा फ्लेक्स. रडून डोळे सुजलेली माणसं काउंटरवर येतात आणि पहिली अडचण तारखेची नसते, नावाआधी काय लावायचं याची असते. साधारणपणे कै., म्हणजे कैलासवासी. माळकरी असेल तर वै., म्हणजे वैकुंठवासी. लिंगायत घरातलं असेल तर लिंगैक्य. मुसलमानांचं पैगंबरवासी, ख्रिश्चनांचं ख्रिस्तवासी, बौद्धांचं कालकथित. ज्यांना आपलं माणूस कुठेच पाठवायचं नसतं ते 'दिवंगत' टाका म्हणतात. दिवंगत म्हणजेही स्वर्गातच गेलेला, हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही.

थोडक्यात, मेलेला माणूस कुठे गेला हे आमच्या धंद्यात एका अक्षरावर आणि एका टिंबावर ठरतं.

माझ्या स्वतःच्या घरात मात्र ते चौदा महिने ठरलं नव्हतं. बाबा विज्ञानाचे मास्तर. आगरकरांचं टेंभू आमच्या कराड तालुक्यातलंच, त्यामुळे लहानपणी आम्हाला देवदर्शनाऐवजी टेंभूला नेऊन आणलेलं. आगरकरांच्या हयातीत पुण्याच्या सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती, ही गोष्ट इतर पोरं रामायण ऐकतात तशी आम्ही ऐकली. बाबांची आवडती गोष्ट मात्र दुसरी. 1895 साली आगरकर गेले तेव्हा त्यांच्या उशाशी पुरचुंडी सापडली, आणि तीत स्वतःच्या दहनाच्या खर्चाचे पैसे बांधून ठेवलेले होते, असं सांगतात. "परलोकाची सोय नाही केली, लाकडांची केली," असं म्हणून बाबा हसायचे. स्वतःपुरता त्यांनी लाकडांचाही प्रश्न ठेवला नाही. देहदानाचा फॉर्म दहा वर्षं कपाटात होता. त्यामुळे आमच्याकडे चिता नाही, अस्थी नाहीत, दहावं नाही, कावळा नाही. शाळेला त्यांची पुस्तकं आणि एक कपाट दिलं. कपाटावर लावायची पाटी माझ्याच टेबलावर पडून. 'कै. लावलंस तर उठून बसेन,' अशी तंबी होती.

आई वर्षभर काही बोलली नाही. दिवाळीत फराळाचे डबे धुता धुता म्हणाली, "त्यांचं त्यांच्या मनासारखं झालं. आता माझं. मला गयेला जायचंय."

मग प्रयाग आणि काशीही आलंच. आपल्याकडे तिन्हीची मिळून त्रिस्थळी यात्रा. तिचा शास्त्रार्थ लिहिणारे सोळाव्या शतकातले नारायणभट्ट मूळ पैठणच्या घराण्यातले, काशीत स्थायिक झालेले. 1674 साली रायगडावर राज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्यांचेच पणतू. म्हणजे मेलेल्यांचं काय करायचं ते उत्तरेत जाऊन सांगणारेही आपलेच.

निघालो चौघं. आई, मी, आत्या आणि सर. आत्या बाबांची थोरली बहीण, पन्नास वर्षांची माळकरी, मूलबाळ नाही. सर म्हणजे बाबांच्या शाळेतले गणिताचे शिक्षक, तीस वर्षांचे मित्र, बौद्ध. त्यांना सारनाथ आणि बोधगया करायची होती. "वहिनी, गयेपर्यंत तुमच्याबरोबर आहे. पिंडाला हात लावणार नाही, पिशवी धरीन," असं त्यांनी आधीच सांगून टाकलं.

दुसरा दिवस : गाडीतच

पुणे–दानापूर. दिवसभर मध्य प्रदेश संपत नाही.

समोरच्या बाकावर सांगलीकडचं एक जैन जोडपं. पुढे गाडी बदलून पारसनाथला, सम्मेद शिखरजीला चाललेलं. चोवीसपैकी वीस तीर्थंकर तिथून मोक्षाला गेले, म्हणून. आईने आमचं कारण सांगितलं तेव्हा काकूंनी फार हळुवारपणे विचारलं, "पण चौदा महिने झाले म्हणता ना? मग आता तिथं कोण आहे घ्यायला?" त्यांच्यात आत्मा थांबत नाही. देह सुटला की डोळ्याची पापणी लवायच्या आत पुढचा जन्म. मागच्यांनी घातलेलं पुढच्याला पोचत नाही, ज्याचं कर्म त्याच्यापाशी. दहा दिवस घुटमळणारं, कावळ्याची वाट पाहणारं तिथे कुणी नाहीच.

आई काही बोलली नाही. दशमीवर शेंगदाण्याची चटणी घालून तिने दोघांना दिली. सूर्यास्ताच्या आत त्यांनी ती खाल्ली.

सरांनी मला हळूच चार्वाकांचा जुना युक्तिवाद सांगितला. श्राद्धाचं अन्न मेलेल्याला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून द्यायची? घरी पान वाढावं, त्याचं पोट वाटेत भरेल. हे सांगताना सरांच्या हातात चौथी दशमी होती.

तिसरा दिवस : प्रयाग

संगमावर नावाड्याने आम्हाला व्यवस्थित फसवलं. भाव ठरला एक, मधोमध गेल्यावर झाला दुसरा. आत्या म्हणाली, "आपला प्रीतिसंगम बरा. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटत्यात, नावाड्याबिगर दिसतंय." कराडकराला हे कुठेही गेलं तरी म्हणावं लागतं.

किल्ल्यातला अक्षयवट पाहिला. सातव्या शतकात ह्युएनत्संग इथे आला तेव्हा या वडावरून उडी टाकून जीव देणारी माणसं होती, असं त्याने लिहून ठेवलंय. पुढचा लोक इतका पक्का, की हा लोक सोडायला एका फांदीची उंची पुरे. मला त्या झाडाखाली फार वेळ थांबवलं नाही.

पण या दिवसातलं लिहायचं ते नावेतलं. आईने ओंजळीत पाणी घेतलं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि मला विचारलं, "हीच ना रे ती? माझ्या नावाआधीची?"

मला एक क्षण कळलंच नाही. मग कळलं. गं. भा. गंगा भागीरथी. मी हजारदा छापलंय. नवरा गेला की बाईचं सौ. जातं आणि तिथे गं. भा. येतं. हल्ली श्रीमती टाकतात, पण गावाकडच्या पत्रिकांत अजून गं. भा. असतं. बाबांच्या नावाआधी काय लावायचं यावर घरात चौदा महिने खल चालला होता. आईच्या नावाआधीचं मात्र एका रात्रीत बदललं. ते बदलताना तिला कुणी विचारलं नाही, मीही नाही. शाळेला दिलेल्या देणगीच्या पत्रावर मी सरळ 'श्रीमती' टाइप केलं होतं. धंद्याची सवय.

"हीच," म्हटलं.

"बरंच गार आहे," आई म्हणाली आणि ओंजळ सोडली.

चौथा दिवस : काशी

काशीत मरण म्हणजे सुटका. इथे जो मरतो त्याच्या उजव्या कानात खुद्द शंकर तारक मंत्र सांगतो, मग तो राजा असो, भिकारी असो, मुंगी असो. पापपुण्याचा हिशेब नाही, चित्रगुप्ताची वही नाही. इतका उदार कायदा दुसऱ्या कुठल्या गावाने केला असेल असं वाटत नाही. त्यासाठी लोक मरायला इथे येऊन राहतात. गोदौलियाजवळ 1958 पासून एक मुक्तिभवन आहे. जवळ आलेल्या माणसाला घेऊन घरचे तिथे उतरतात. साधारण दोन आठवड्यांची मुदत असते. आम्ही रस्त्यावरूनच पाहिलं. आत जायचं धाडस झालं नाही, आणि कुणाच्या शेवटच्या खोलीत डोकावायला आपण कोण?

आईला मणिकर्णिका पाहायची होती. दर्शन नव्हे, पाहायचंच. "मी त्यांचा अग्नी पाहिला नाही," एवढंच म्हणाली. म्हणून सूर्य कलल्यावर नाव केली. या वेळी भाव आधी कागदावर लिहून घेतला.

नदीवरून मणिकर्णिका दिसते ती आधी लाकडांच्या वखारीसारखी. ओंडक्यांचे डोंगर, लाकडं तोलायचे मोठाले तराजू, ओंडके भरलेल्या होड्या. इथला अग्नी विझत नाही आणि तो डोमांकडूनच, म्हणजे इथल्या चिता सांभाळणाऱ्यांकडूनच, घ्यावा लागतो. राजा हरिश्चंद्राला ज्याने विकत घेतला, त्याच्या वंशातले ते, असं मानतात. आम्ही होतो तेव्हा सात चिता जळत होत्या. आईने मोजल्या. सगळ्यात खालच्या पायरीजवळची विझत आली होती. पांढरं धोतर नेसलेला, मुंडण केलेला एक मुलगा, विशी-बाविशीचा असेल, मातीचं मडकं घेऊन चितेकडे पाठ करून उभा राहिला. मडकं त्याने डाव्या खांद्यावरून मागे टाकलं. फुटल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला नाही, नुसती वाफ दिसली. मग तो वर चालू लागला. मागे वळून पाहायचं नसतं. चौथ्या-पाचव्या पायरीवर त्याची चप्पल निसटली. ती नीट करायला तो वाकला आणि वाकताना त्याची मान अर्धी वळली. बरोबरच्या म्हाताऱ्याने लगेच त्याच्या खांद्याला धरून सरळ केलं.

आई म्हणाली, "वळला असता तर काय झालं असतं?"

आत्या म्हणाली, "जीव अडकतो म्हणत्यात गेलेल्याचा."

सर म्हणाले, "राहणाऱ्याचा अडकतो, वहिनी."

नावाड्याला मराठी येत नव्हतं. त्याने आपलं विचारलं, "माताजी, और आगे?"

आईने मान हलवली. पुढे सिंदिया घाट, एका बाजूला कललेलं रत्नेश्वराचं देऊळ, पंचगंगा. या किनाऱ्यावर भोसले, शिंदे, पेशवे, होळकर सगळे हजर आहेत. विश्वेश्वराचं देऊळ 1780 साली अहिल्याबाईंनी पुन्हा उभं केलं. आमच्या एकनाथांनी भागवतावरची टीका 1573 साली इथेच पुरी केली. हे मी आत्याला सांगायला गेलो, तर तिनेच मला एकनाथ ऐकवले. काशीची कावड रामेश्वराला नेताना तहानलेल्या गाढवाला पाजणारे एकनाथ. आणि पितरांसाठी रांधलेलं श्राद्धाचं अन्न महारांना आधी वाढणारे एकनाथ. त्यावर पैठणचे ब्राह्मण रुसले, तर पितर स्वतः येऊन जेवले म्हणे.

"मग आत्या, पितर असतात की नसतात?"

"असत्यात की. पर त्यांना कळतं, कुणाला आधी भूक लागलीय."

रात्री लॉजवर आईने विचारलं, "पालाशविधी करून घेतला असता तर?" देह हाती लागला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. गेल्या वर्षी गावच्या भटजींनी सुचवलं होतं आणि मी चिडून नाही म्हटलं होतं. बाबा काही बुडालेले नव्हते, हरवले नव्हते. त्यांचा देह कुठे आहे हे आम्हाला पत्त्यानिशी माहीत होतं. ते मी पुन्हा सांगितलं. आई म्हणाली, "पत्ता माहीत आहे म्हणूनच झोप येत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

पाचवा दिवस : मगहर

आई आणि आत्या काशीतच थांबल्या. मी आणि सर पहाटे टॅक्सी करून मगहरला निघालो. जायला पाच-सहा तास, गोरखपूरजवळ. लॉजवाल्याला कळेना, काशी सोडून मगहरला कोण जातं?

हाच प्रश्न लोकांनी कबीरालाही केला होता. काशीत मेला तो सुटला आणि मगहरला मेला तो गाढवाच्या जन्माला गेला, अशी समजूत. कबीर आयुष्यभर काशीत राहिला, विणलं, भांडला, आणि मरायच्या वेळी उठून मगहरला गेला. काशीत मेल्यानेच सुटणार असेन, तर मग रामाचे उपकार कसले, असा त्याचा सवाल. परंपरेने साल 1518 मानतात. गावाच्या नावाला लागलेला शाप मोडायला स्वतःचं मरण खर्ची घालणं, यापेक्षा मोठा वाद कुणी घातला असेल का? सरांना तो बाबांनी घातलेल्या वादासारखा वाटला. मला वाटला नाही. कबीराला राम होता.

आमचा ड्रायव्हर बनारसचा, विणकर घरातला मुसलमान. कबीराचं नाव त्याने "हमारे जुलाहे" असं घेतलं. मी त्याला विचारलं, तुमच्यात मेल्यावर काय? तो रस्त्यावरची नजर न हलवता सांगत राहिला. मातीत ठेवून माणसं चाळीस पावलं परतली की मुन्कर आणि नकीर असे दोन फरिश्ते येतात, विचारतात. रब कोण, दीन काय, नबी कोण. मग कयामतपर्यंत बर्जख. "वेटिंग रूम समझिए, साहब. अच्छा आदमी एसी में, बुरा आदमी जनरल में." मग स्वतःच हसला आणि म्हणाला, "अम्मी को गए तीन साल हुए. मैं तो जुमे को जाकर बात कर लेता हूँ. सुनती हैं कि नहीं, अल्लाह जाने." पुढे ट्रक आडवा आला आणि विषय ट्रकवाल्याच्या खानदानावर गेला.

मगहरला एकाच आवारात कबीराची समाधी आहे आणि मजारही आहे. चालत दोन मिनिटांचं अंतर. कबीर गेल्यावर हिंदू म्हणाले जाळू, मुसलमान म्हणाले पुरू. चादर उचलली तर खाली फुलं. अर्धी अर्धी वाटून घेतली. समाधीत घंटा आहे, मजारीवर चादर आहे. फुलंवाला मात्र एकच होता. दोन्हीकडे त्याच टोपलीतली फुलं जात होती, पुडी बांधायची पद्धत तेवढी वेगळी. मागे आमी नदी. पाणी फारसं पाहण्यासारखं नाही.

सर मजारीपाशी बराच वेळ उभे होते. परत येताना म्हणाले, "तुझा बाप इथं यायला हवा होता. फुलं पाहून म्हणाला असता, बॉडी गेली कुठे, ते सांगा आधी." खरंय, अगदी तसंच म्हणाले असते. गाडीत आम्ही दोघंही बराच वेळ हसत होतो.

सहावा दिवस : सारनाथ

सगळेच दमलेले. धामेक स्तूपाला सरांनी तीन फेऱ्या घातल्या, आत्याने पाच. "काय म्हणून घातल्या?" तर "गोल दिसला म्हणून." शेजारीच श्रेयांसनाथांचं जैन मंदिर. आईने तिथे गाडीतल्या काकूंची आठवण काढली. संध्याकाळी गयेची गाडी.

सातवा दिवस : गया

इथे गया कुणी म्हणत नाही, गयाजी म्हणतात. 2025 पासून सरकारी कागदातही तसंच आहे.

गयेत मला कुणीही विचारलं नाही की तुमचा यावर विश्वास आहे का. कराडहून निघाल्यापासून या प्रश्नाचं उत्तर मनात जुळवत होतो, ते वायाच गेलं. विचारलं ते गाव, तालुका, आजोबांचं नाव आणि गोत्र. गोत्र आईलाही नक्की आठवेना. "कोई बात नहीं, कश्यप," पंडाजी म्हणाले आणि काम पुढे सरकलं. मी भीत होतो तो प्रश्न आईनेच काढला. अस्थी नाहीत, दहन नाही, देहदान केलंय, चालेल का? पंडाजींनी क्षणभरही घेतला नाही. "दधीचि!" ते म्हणाले. देवांना वज्रासाठी हाडं देणारा ऋषी. "माताजी, उनका तो आधा काम वो खुद कर गए." चौदा महिने आमच्या घरात जो गुंता होता तो या माणसाने एका शब्दात सोडवला. खरा सोडवला की धंद्यापुरता, हे मी ठरवू शकत नाही. माझाही धंदाच आहे. पण आईचा चेहरा मी पाहिला.

फल्गूला पाणी होतं. सीतेने दशरथाला वाळूचा पिंड दिला आणि राम आल्यावर फल्गूने खोटी साक्ष दिली, म्हणून ती शापाने कोरडी, वाळू उकरल्याशिवाय पाणी नाही, अशी कथा. खरं बोलला तो एकटा वड, म्हणून तो अक्षय. 2022 साली नदीवर रबरी बांध घातला आणि आता विष्णुपदापाशी बारमाही पाणी असतं. शापाला उतारा इंजिनियरने दिला, यावर बाबा खूश झाले असते. आणि पिंड देणारी पहिली बाई होती, यावर आई.

जवाचं पीठ, तीळ, तूप, मध. मी मळत होतो, आई शेजारी. पीठ सैल झालं तर ती न सांगता चिमूटभर पीठ टाकत होती, जशी घरी पुरणाला टाकते. आमच्या पलीकडे लांबून आलेला एक तरुण एकटाच बसला होता. त्याचं मातृषोडशी चाललं होतं. आईसाठी सोळा पिंड आणि प्रत्येक पिंडाला तिच्या एकेका कष्टाचं नाव. पोटातलं ओझं, बाळंतपणाच्या कळा, पोराच्या ओल्यात स्वतः झोपून त्याला कोरड्यात ठेवणं. गुरुजी संस्कृत म्हणून मग हिंदीत अर्थ सांगत होते. सहाव्या-सातव्या पिंडाला तो मुलगा मोडला. पिठाचे हात तसेच ठेवून दंडाने डोळे पुसत होता. आईने हातातलं पीठ खाली ठेवलं आणि ऐकत राहिली. थोड्या वेळाने मला म्हणाली, "बापाचं असं मोजून का नाही रे? त्यांनी पण सायकलवरून नेलंय तुम्हाला."

मग मी म्हटलं, बघू. आमच्या पिंडांना मंत्र पंडाजींचे होते. मनात मी आपले वेगळे धरले. एक सायकलचा. एक दहावीच्या निकालाच्या दिवशी न बोलता आणलेल्या जिलेबीचा. एक ट्रेडल मशीन घ्यायला फंडातून काढून दिलेल्या पैशांचा. पोचले का? सांगलीच्या काकू म्हणाल्या असत्या, नाही. मला मात्र पिंड मळताना बाबा जितके आठवले तितके देहदानाच्या सर्टिफिकेटाकडे बघून कधी आठवले नव्हते.

विष्णुपदाचं आत्ताचं देऊळ 1787 चं, अहिल्याबाईंचंच. आत चांदीचं कडं असलेल्या अष्टकोनी कुंडात खडकावर पाऊल उमटलेलं आहे. त्यावर पिंड ठेवायचे. गर्दीत पाऊल दिसत नाही, पीठच दिसतं. सर बाहेर चपलांपाशी पिशव्या धरून बसलेले. शब्द पाळला.

दुपारी पंडाजींनी बही काढली. लाल कापडात बांधलेली, लांबोडकी, कडा वाळवीने खाल्लेल्या. सातारा जिल्हा, कराड तालुका, गाव. माझ्या आजोबांची सही मोडीत होती, 1950 ची. वर हिंदीत त्यांच्या बापाचं, आज्याचं नाव, आणि घरातल्या सगळ्यांची नोंद. आले नव्हते त्यांचीही. शेवटी बाबांचं नाव. तेव्हा पाच वर्षांचे असतील. म्हणजे बाबा गयेला कधी आले नाहीत, पण पंचाहत्तर वर्षं त्यांचं नाव गयेत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. आत्याचं नाव नव्हतं, मुलींची नोंद तेव्हा करत नसावेत. मी छापखान्याच्या सवयीने पानावर बोट फिरवलं. मेलेले, जिवंत, सगळे एका ओळीत. कुणाच्याच आधी कै. नाही, वै. नाही, काही नाही. नुसतं नाव आणि कुणाचा कोण.

"लिखिए," पंडाजींनी पेन दिलं. मी माझं लिहिलं, बायकोपोरांचं लिहिलं, आईचं लिहिलं. मग आत्याचं लिहिलं. तिने दोनदा वाचून घेतलं.

आणि त्यानंतर तिने आपला बेत सांगितला. भस्मकूटावर जनार्दनाचं देऊळ आहे, मंगळागौरीच्या जवळ. तिथे माणूस जिवंतपणी स्वतःचा पिंड देतो. ज्यांच्यामागे कुणी नाही, त्यांच्यासाठी. आत्याला हे गेल्या वर्षीच्या वारीत दिंडीतल्या बाईने सांगितलं होतं. म्हणजे आम्ही आईला घेऊन आलो असं समजत होतो, पण आत्या स्वतःच्याच कामाला आली होती.

"आत्या, तू माळकरी. तुकोबा काय म्हणतात पिंडदानाला?"

"ठावं हाय मला काय म्हणत्यात. त्यांना पोरं व्हती."

चढ फार नाही, पण तिला वेळ लागला. दह्यात कालवलेला पिंड, यात तीळ नसतात. तो देवाच्या हातावर ठेवायचा. तिने ठेवला, पदर सारखा केला, नमस्कार केला आणि वळून म्हणाली, "झालं. आता कुणाची वाट बघायला नको." घाटावर म्हणते तसं नव्हे, बसमध्ये जागा मिळाल्यावर म्हणते तसं.

आठवा दिवस : बोधगया

गयेपासून बारा-तेरा किलोमीटर. आता आम्ही सरांच्या मागे.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली सहावी सरांना तोंडपाठ आहे. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. बोधिवृक्षाच्या, म्हणजे पिंपळाच्या, सावलीत बसून त्यांनी आईला समजावलं. मेल्यावर तथागत असतो की नसतो, हे बुद्धाला विचारलं तेव्हा त्याने उत्तरच दिलं नाही. बाण लागलेला माणूस आधी बाण काढून घेतो, मारणाऱ्याची जात विचारत बसत नाही. पुनर्जन्म आहे, पण आत्मा नाही. बाबासाहेबांनी तेही आणखी साफ केलं. देहातली तत्त्वं त्या त्या तत्त्वांत मिसळतात, पुन्हा जुळून येतात, अमुक एक माणूस म्हणून कुणी परत येत नाही.

"म्हणजे ते नाहीत," आई म्हणाली.

"नाहीत, वहिनी."

"मग तुम्ही त्यांचं जुनं पेन खिशाला का लावता?"

सरांनी पेनाला हात लावला आणि काही बोलले नाहीत.

तेवढ्यात शेजारी पांढऱ्या कपड्यांतला श्रीलंकेचा एक गट येऊन बसला. भिक्खूंनी पाली म्हणायला सुरुवात केली. मध्ये एक वाटी, ती एका ताटलीत. घरातल्या चार-पाच जणांनी मिळून एक सुरई धरली आणि वाटीत पाण्याची बारीक धार सोडली. वाटी भरली, पाणी ताटलीत सांडू लागलं, तरी धार चालू. केलेलं पुण्य गेलेल्या माणसाकडे जावं म्हणून. एक आजीबाई तर सुरईला हात पोचत नव्हता म्हणून धरणाऱ्याच्या कोपराला हात लावून बसल्या होत्या.

आत्या टक लावून बघत होती. "हे तर तर्पण की हो, सर."

सर म्हणाले, "त्यांच्याकडे आहे तसं."

मी गप्प राहिलो नाही, राहायला हवं होतं. म्हटलं, "सर, आपल्याकडच्या पत्रिकांतही मी छापतोच की. जलदान विधी आणि पुण्यानुमोदन."

सर बराच वेळ त्या धारेकडे पाहत राहिले. "पाणी काही सुटत नाही माणसाला," म्हणाले. पलीकडे तिबेटी भिक्खू फळ्यांवर लोटांगणं घालत होते. त्यांच्यात मेल्यावर पुढच्या जन्मापर्यंत एकोणपन्नास दिवसांची मधली वाट मानतात, हे सरांनीच सांगितलं. "माझाच धर्म आहे, पण हे मला जमणार नाही," अशी पुस्तीही जोडली.

परत

मुंबई मेलला गया सोडली. संध्याकाळी सरांनी विषय काढला. "पाटीचं काय करतोयस?"

मी म्हटलं, कै. नाही, दिवंगत नाही, मोकळं ठेवलं तर आईला ते उघडं वाटतं.

"आधी कशाला लावतोस? मागे लाव. पोरं काय म्हणायची त्याला? नावापुढे सर म्हणायची. तेवढंच."

आईने मान डोलावली. "आणि खाली देणाऱ्याचं नाव असतं ना? माझं टाक. श्रीमती नको. गं. भा. पण नको, पाहिली मी ती. नुसतं नाव."

मी मोबाइलमध्ये लिहून घेतलं. वरच्या बर्थवरून आत्याचा आवाज आला. झोपली असेल असं वाटलं होतं.

"माझ्या वेळंला वै. लाव हां. वै.च्या पुढं ह. भ. प. पण. पन्नास वर्षं माळ घातलीय. शंभर पत्रिकांचं किती घेतूस?"

"आत्या, काहीतरीच काय."

"आरं सांग की."

सांगितलं. खालच्या दिव्यात तिचा हात आला. त्यात पिशवीतल्या रुमालाच्या गाठीतून सोडवलेल्या, घामट, चार घड्या घातलेल्या नोटा होत्या. मी नको म्हणत होतो आणि हात तसाच लटकत होता. शेवटी सरांनी त्या घेतल्या, मोजल्या आणि माझ्या खिशात घातल्या. म्हणाले, "दीडशे कमी आहेत."

"उरलेलं कराडात देते," आत्या म्हणाली आणि कुशीवर वळली.